दाद मागणे हा हक्क की मेहेरबानी? तंजावरचा धडा

संसदेत पोलिसांच्या वर्तनाविषयी प्रश्न विचारला गेला की गृह मंत्रालयाचे उत्तर बहुधा एकाच वळणाने सुरू होते. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय घटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार राज्यांच्या अखत्यारीत येतात, असे त्यात प्रथम नमूद केलेले असते. घटनात्मकदृष्ट्या ते बिनचूक आहे. परंतु ज्याची फिर्याद ठाण्यात नोंदवून घेतली गेली नाही, ज्याला रात्रभर विनाकारण बसवून ठेवले गेले, किंवा ज्याच्या हातून कोऱ्या कागदावर सही घेतली गेली, त्या नागरिकाचा प्रश्न वेगळा असतो. विषय कोणत्या सूचीतला, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. पोलिसाविरुद्धची तक्रार पोलिसाकडेच न्यायची असेल तर दाद नेमकी कोणाकडे मागायची, एवढेच त्याला हवे असते.

हा प्रश्न आजचा नाही. आजच्या पोलीस व्यवस्थेचा पाया ज्या काळात घातला गेला, त्याच काळात तो तितक्याच तीव्रतेने विचारला गेला होता. त्याचे उत्तर शोधू जाता मराठी वाचकाला तंजावरला जावे लागते. तंजावर म्हटले की आपल्याला व्यंकोजीराजे आठवतात, सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडीचे रुमाल आठवतात, बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरलेला भोसले कुळाचा मराठी इतिहास आठवतो. १८५५ आणि १८५९ या दोन सालांची आठवण मात्र सहसा निघत नाही. वास्तविक या दोन सालांत दोन फिर्यादी आणि त्यांची दोन उत्तरे दडलेली आहेत. एक फिर्याद मद्रास इलाख्यातील रयतेची होती, दुसरी तंजावरच्या राणीची.

रयतेची फिर्याद

मद्रास इलाख्यात १८१६ च्या नियमांनी पोलिसांचे अधिकार महसूल खात्याच्या हाती दिले होते. जिल्ह्याचा कलेक्टर हाच दंडाधिकारी आणि तालुक्याचा तहसीलदार हाच पोलिसांचा प्रमुख. सारा वसूल करणारा, चोरीचा तपास लावणारा आणि किरकोळ गुन्ह्यांत शिक्षा करणारा हात एकच असल्यावर त्या हाताविरुद्ध तक्रार करायची ती कोणापाशी? खजिन्यात पैसा आणि दफ्तरात कबुलीजबाब वेळेवर जमा होत होता, तोवर वरिष्ठांनाही चौकशीची निकड भासली नाही.

१८५४ च्या जुलैत ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात मद्रासच्या जमीन महसुलावर चर्चा झाली आणि वसुलीसाठी रयतेचा छळ होतो, हा आरोप थेट तेथे केला गेला. मद्रास सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. इलियट, स्टोक्स आणि जॉन ब्रूस नॉर्टन हे त्याचे तीन सदस्य. आयोगाने जाहीर नोटीस काढून तक्रारी मागवल्या. तेव्हा जे घडले ते आजच्या प्रशासकांनीही ध्यानी घ्यावे असे आहे. लोक शेकडो मैल चालत मद्रासला आले. ज्यांना येणे शक्य नव्हते त्यांनी अर्ज धाडले. सर्व मिळून जवळपास दोन हजार तक्रारी आयोगापुढे आल्या.

छळाचे प्रकार अहवालात नोंदलेले आहेत. ‘किट्टी’ म्हणजे लाकडी चिमट्यात बोटे अगर हात दाबणे. ‘अनुंदाल’ म्हणजे मान वाकवून दोरीने जखडणे आणि त्याच अवस्थेत उन्हात ताटकळत ठेवणे. अन्नपाणी तोडणे, पाठीवर दगड ठेवणे, चारचौघांत अवमान करणे हे तर नित्याचे. १८५५ च्या एप्रिलमध्ये सादर झालेल्या या अहवालाने छळ होतो हे मान्य केले. तथापि आयोगाला सर्वांत विषण्ण करणारी बाब वेगळीच वाटली. छळ झालेल्या माणसाला दाद मिळवणे किती दुरापास्त आहे, याने आपण अधिक व्यथित झालो, अशा आशयाचे मत सदस्यांनी नोंदवले. तक्रारदार गरीब, कचेरी दूर, साक्षीदार भेदरलेले आणि चौकशी पुन्हा आरोपीच्याच खात्याकडे! १८५७ मध्ये कार्ल मार्क्सने न्यूयॉर्कच्या एका दैनिकात भारतातील छळाविषयी लिहिले, तेव्हा त्याचा आधार हाच अहवाल होता.

येथे मराठी वाचकाने क्षणभर थांबायला हवे. त्या काळी मद्रास इलाख्याच्या महसुली कचेऱ्यांत मराठी भाषक देशस्थ कारकुनांचे आणि शिरस्तेदारांचे मोठे प्रस्थ होते. अनेक ठिकाणी हिशेबाची भाषाही मराठीच होती. याच वर्गातून कुंभकोणममध्ये जन्मलेले सर टी. माधवराव यांच्यासारखे थोर प्रशासक पुढे आले, याचा आपण रास्त अभिमान बाळगतो. परंतु रयतेला ज्या कचेरीचे भय वाटत होते, त्या कचेरीतही आपलीच माणसे बसलेली होती, हे विसरून चालणार नाही. प्रश्न कोणत्याही एका जातीचा अगर भाषेचा नव्हता. ज्या सत्तेला जाब विचारणारा कोणी नाही, अशा सत्तेचा होता. खुर्चीवर कोण बसले आहे, याने तीत फारसा फरक पडत नाही.

राणीची फिर्याद

त्याच वर्षी, २९ ऑक्टोबर १८५५ रोजी, तंजावरचे राजे दुसरे शिवाजी निपुत्रिक वारले. त्यांचे वडील सरफोजीराजे यांनी १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीच्या हवाली केला होता. किल्ला, राजवाडा आणि मानमरातब एवढेच भोसले घराण्याकडे उरले होते. पुरुष वारस नसल्याचे कारण देऊन कंपनीने गादी खालसा केली आणि १८५६ च्या ऑक्टोबरात फोर्ब्स या अधिकाऱ्याने शिपायांच्या बळावर राजवाड्याचा ताबा घेतला. राज्य नाही निदान राजाची खासगी मालमत्ता तरी आम्हाला मिळावी, यासाठी थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. न्यायालयाने राणीच्या बाजूने निकाल दिला, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने लहान नव्हे.

सरकार प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेले. १८५९ मध्ये निकाल फिरला. ताबा घेण्याची कृती ही राज्यसत्तेची कृती होती, ती न्याय्य की अन्याय्य हे पाहण्याचा अधिकार देशी न्यायालयांना नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने ठरवले. म्हणजे अन्याय झालाच नाही, असे कोणी म्हटले नाही. अन्यायाची तक्रार ऐकण्याची जागाच नाही, एवढेच सांगितले गेले. पुढे १८६२ मध्ये सरकारने ती मालमत्ता विधवा राण्यांना परत केली. पण ती सरकारची मेहेरबानी म्हणून. हक्क म्हणून नव्हे.

नेमक्या त्याच १८५९ साली रयतेच्या फिर्यादीलाही उत्तर मिळाले. मद्रासचा पोलीस कायदा झाला. महसूल आणि पोलीस ही खाती वेगळी करण्यात आली, पोलिसांना स्वतःची अधिकाऱ्यांची उतरंड मिळाली. हाच नमुना समोर ठेवून १८६१ चा अखिल भारतीय पोलीस कायदा आकारास आला. तमिळनाडूत १८५९ चा तो कायदा ‘जिल्हा पोलीस कायदा’ या नावाने पुढेही चालत राहिला. तहसीलदाराच्या हातून दंडुका गेला, हे उत्तर नि:संशय महत्त्वाचे होते. मात्र पोलिसाने छळ केला तर स्वतंत्रपणे ऐकणारा कोण, या भागाला त्यात उत्तर नव्हते. तक्रारीची चौकशी खात्यातच राहिली. राणीला जे सांगितले गेले तेच रयतेलाही आडवाटेने सांगितले गेले: दाद मिळेल, पण सरकारच्या मर्जीने.

एका बाबतीत कायद्याने स्वतःच आपल्या पोलिसांवरील अविश्वास लेखी नोंदवला. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरू नये, ही तरतूद १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आली, १८७२ च्या पुरावा कायद्यात कायम झाली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती शाबूत आहे. दीडशेहून अधिक वर्षे ती पुसून टाकावी असे कोणत्याही विधिमंडळाला वाटले नाही, यातच सर्व आले.

जुने घर, नवी पाटी

स्वातंत्र्यानंतर अहवालांची वाण पडली नाही. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने ब्रिटिश पोलिसांवर कठोर ताशेरे ओढले होतेच. १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने तर पहिल्याच अहवालात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींच्या चौकशीचा प्रश्न हाताळला. अहवाल कपाटात राहिले. अखेर प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी सात निर्देश दिले. त्यांपैकी एक निर्देश पोलीस तक्रार प्राधिकरणांचा होता. उपअधीक्षक व त्याखालील कर्मचाऱ्यांविरुद्धच्या तक्रारींसाठी जिल्हा पातळीवर निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या, तर अधीक्षक व त्यावरील अधिकाऱ्यांसाठी राज्य पातळीवर उच्च अगर सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली ही प्राधिकरणे असावीत आणि त्यांच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

तमिळनाडूने २०१३ मध्ये पोलीस सुधारणा कायदा केला. त्यातील राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष कोण? गृहसचिव. सदस्य कोण? पोलीस महासंचालक आणि त्यांचे सहकारी. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सोबतीस पोलीस अधीक्षक. या रचनेला मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले ते स्वाभाविकच होते. १८१६ मध्ये कलेक्टरच्या कचेरीत सुरू झालेला प्रवास दोनशे वर्षांनी पुन्हा कलेक्टरच्याच दाराशी येऊन थांबला. पाटी मात्र ‘प्राधिकरण’ अशी लागली.

महाराष्ट्राने २०१४ च्या दुरुस्तीने उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली राज्य प्राधिकरणाची तरतूद केली. ही रचना तमिळनाडूपेक्षा नक्कीच बरी. परंतु न्यायालयाने जिल्हा म्हटले तेथे महाराष्ट्राने महसुली विभाग केला. गडचिरोलीच्या तक्रारदाराला नागपूर गाठावे लागते. १८५५ च्या आयोगाने कचेरी दूर असण्याला अन्यायाचे एक कारण मानले होते, याची येथे आठवण होते.

सोमवारची रांग

तंजावरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात, तमिळनाडूतील इतर जिल्ह्यांप्रमाणेच, सोमवार हा गाऱ्हाण्यांचा दिवस. हाती अर्ज घेतलेल्या माणसांची रांग लागते. पट्टा, निवृत्तिवेतन, शिधापत्रिका, रस्ता, आणि त्यांच्याच जोडीला ‘ठाण्यात ऐकून घेत नाहीत’ ही तक्रार. आपल्याकडील महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन ज्यांनी पाहिला असेल त्यांना ते दृश्य परके वाटणार नाही. तमिळनाडूत गाऱ्हाणी ऐकण्याच्या उपक्रमाला मनुनीती चोळाचे नाव दिलेले आढळते. पूर्वी तंजावर जिल्ह्यात असलेल्या तिरुवारूरची ही आख्यायिका. राजपुत्राच्या रथाखाली वासरू मेले, गाईने राजवाड्याची घंटा वाजवली आणि राजाने स्वतःच्या पुत्राला तीच शिक्षा दिली. मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारात या राजाचा पुतळा आहे. आपल्या रामशास्त्री प्रभुण्यांच्या कथेचेही मर्म तेच. आरोपी स्वतःच्या घरातला असला तरी न्याय ढळू नये.

वस्तुस्थिती अशी की घंटा आहे, पण तिची दोरी ठाण्यातच बांधलेली आहे. तमिळनाडूत अर्ज दिल्यावर बहुतेकदा गुन्ह्याची नोंद न करता ‘सीएसआर’ नावाची पोचपावती हाती दिली जाते. महाराष्ट्रात अदखलपात्र नोंदीचा, म्हणजे ‘एनसी’चा, किंवा ‘अर्ज चौकशीवर ठेवला’ असे सांगण्याचा प्रघात तसाच. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच प्रथम माहिती अहवाल नोंदवणे बंधनकारक आहे, असे घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये सांगितले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाने हद्दीचा प्रश्न बाजूस ठेवून कोणत्याही ठाण्यात फिर्याद देण्याची सोय केली. ठाण्याने नकार दिल्यास अधीक्षकाकडे लेखी आणि तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्याकडे, अशी पायरीही त्याच कलमात आहे. कायदा कमी पडतो असे म्हणण्यास फारशी जागा नाही. कमी पडते ती पायरी चढणाऱ्याला मिळणारी सोबत.

ही सोबत नसेल तर काय होते, हे २०२० च्या जूनमध्ये तुतुकुडी जिल्ह्यातील साथानकुळम येथे दिसले. टाळेबंदीत दुकान वेळेनंतर उघडे ठेवल्याच्या आरोपावरून पोलिसांनी नेलेले पिता-पुत्र कोठडीत मरण पावले. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन न्यायदंडाधिकारी ठाण्यात पाठवला. त्याला सहकार्य नाकारले गेले आणि सीसीटीव्हीचे चित्रण पुसले गेल्याचे त्याने कळवले. तेव्हा खंडपीठाने एक असाधारण आदेश दिला. पुरावा सुरक्षित राहावा म्हणून ठाण्याचा ताबा महसूल अधिकाऱ्यांनी घ्यावा! ज्यांच्या हातून १८५९ मध्ये पोलीस काढून घेतले, त्याच महसूल खात्याला २०२० मध्ये पोलीस ठाण्यावर पहारा द्यावा लागला. त्याच ठाण्यातील एका महिला कर्मचाऱ्याने निर्भयपणे साक्ष दिली, ही या काळोखातील उजळ बाजू. त्यानंतर डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातील प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचे सविस्तर आदेश दिले. तरीही २०२५ च्या जूनमध्ये शिवगंगा जिल्ह्यातील तिरुप्पुवनम येथे दागिन्यांच्या चोरीच्या संशयावरून ताब्यात घेतलेला मंदिराचा तरुण रखवालदार मारहाणीत दगावला.

परमुलखातील मराठी माणूस

दागिन्यांच्या चोरीचा उल्लेख आला की तमिळनाडूतील दुसऱ्या एका मराठी समाजाकडे वळावे लागते. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या अवर्षणग्रस्त तालुक्यांतून बाहेर पडलेले गलाई व्यावसायिक देशभर सोने-चांदी गाळण्याचे काम करतात. दक्षिणेतील क्वचितच एखादे मोठे गाव असेल, जेथे विट्याकडच्या माणसाची भट्टी नाही. या समाजाचे जुने गाऱ्हाणे एकच आहे. कोठेतरी चोर पकडला जातो, तो ‘अमुक भट्टीवर सोने दिले’ असे सांगतो, आणि दूरच्या ठाण्याचे पथक दारात उभे राहते. सोने वितळलेले, ओळख पटवणे अशक्य. मग ‘मुद्देमाल’ पुरा करण्यासाठी स्वतःचे सोने द्या, नाहीतर आरोपी व्हा, असा पेच टाकला जातो, असे हे व्यावसायिक सांगत आले आहेत. भाषा परकी, ओळखीचा वकील नाही, व्यवसायाची पत जाण्याचे भय. त्यामुळे तक्रार करण्यापेक्षा तडजोड बरी वाटते.

त्यांच्यातला कोणी खरोखर चोरीचा माल घेत असेल तर त्याला शिक्षा झालीच पाहिजे. परंतु माल चोरीचा आहे हे ठाऊक होते किंवा तसे मानण्यास कारण होते, हे सिद्ध करण्याचा भार कायद्याने फिर्यादी पक्षावर टाकला आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात आधी नोटीस देण्याचा, अटकेची खबर नातेवाइकाला देण्याचा, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचा आणि झडती-जप्तीचे चित्रीकरण करण्याचा नियम परगावच्या पथकालाही लागू आहे. हे नियम भट्टीवरच्या माणसाला त्याच्या भाषेत समजावून सांगणारी यंत्रणा कोणत्या राज्याने उभारली? दिल्लीत, चेन्नईत आणि राज्याराज्यांत उच्चपदांवर असलेल्या मराठी अधिकाऱ्यांनी या एका कामात लक्ष घातले तरी पुष्कळ होईल.

पोलिसांची बाजूही येथे मांडली पाहिजे. तपास लवकर लावा, मुद्देमाल हस्तगत करा, असा तगादा वरून येतो. न्यायवैद्यक साधने अपुरी आणि माणसे त्याहून अपुरी. तमिळनाडूत हवालदार-शिपायांना हक्काची साप्ताहिक सुटी मिळण्यासाठी २०२१ साल उजाडावे लागले. १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटना-स्वातंत्र्यावर निर्बंध घातलेले असल्याने त्यांची स्वतःची गाऱ्हाणीही खात्याच्या मर्जीवरच अवलंबून राहतात. ज्याला स्वतःला दाद मिळत नाही, तो इतरांना ती देईल, ही अपेक्षा थोडी भाबडीच.

संसदेचे येणे

राहता राहिली संसद. भारताने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर १९९७ मध्ये सही केली, पण त्याला मान्यता अद्याप दिलेली नाही. त्यासाठी आवश्यक असलेले छळ प्रतिबंधक विधेयक ६ मे २०१० रोजी लोकसभेने संमत केले. राज्यसभेने ते अधिक कणखर करावे म्हणून प्रवर समितीकडे सोपवले, समितीने अहवालही दिला. पण विधेयक व्यपगत झाले. विधी आयोगाने २०१७ मध्ये २७३ व्या अहवालात पुन्हा मसुदा तयार करून दिला. तोही पडून आहे. पोलीस हा राज्यांचा विषय असला तरी फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे आणि तीन नव्या संहिता याच संसदेने २०२३ मध्ये संमत केल्या. त्या वेळी छळ हा स्वतंत्र गुन्हा म्हणून व्याख्येत आणण्याची संधी होती. ती हुकली. यास्तव विषय राज्यांचा, हे उत्तर अपुरे ठरते.

१८५५ च्या आयोगाला ना शिक्षेचा अधिकार होता ना बंधनकारक आदेशाचा. तरीही लोक शेकडो मैल चालत गेले. कारण ऐकणारे तिघे त्यांच्या तालुक्याच्या कचेरीतले नव्हते. तक्रारीला विश्वास लागतो, आणि तो ऐकणारा व आरोपी वेगळे असल्यावाचून उपजत नाही. तंजावरच्या राणीला आपले दागिने सहा वर्षांनी परत मिळाले, पण न्याय मिळाला असे ती म्हणू शकली नाही. आज सोमवारच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला प्रजासत्ताकाने तिच्याहून अधिक काही देऊ केले आहे, असे त्याला वाटायला हवे. ते वाटत नसेल, तर १८५९ चे उत्तर आपण अजून बदललेले नाही, असाच त्याचा अर्थ होईल.